तीन दिवसांची सुट्टी: चिखलदरा की पचमढी?

शनिवार-रविवारला लागून एखादी सुट्टी आली की नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. दोन्ही ठिकाणं सातपुड्यात, दोन्ही हजार मीटरच्या वर, दोन्हींच्या भोवती व्याघ्रप्रकल्प, आणि नागपूरहून कुठेही निघालं तरी अर्धा दिवस गाडीत जाणारच. म्हणून बरेच जण जिथे खोली मिळेल तिथे जातात. माझ्या मते ही निवड एवढी सहज करू नये, कारण दोन्हीकडचा डोंगर मुळात वेगळा आहे.

चिखलदरा बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या पठारावर वसलंय. वर बऱ्यापैकी सपाट, आणि कडेला आलं की एकदम खोल दरी. त्यामुळे तिथे सगळं बघायचं ते कड्यावर उभं राहून. पचमढी वालुकाश्मावर आहे. हा दगड पाणी पितो, धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. पाण्याने तो कापलाही जातो, म्हणून तिथे अरुंद घळी, गुहा, कुंडं तयार झाली आणि ओढे हिवाळ्यातही वाहतात. चिखलदऱ्याला तुम्ही दरी वरून पाहता, पचमढीला दरीत उतरता. जायचं कुठे, ते यावरूनच ठरवा.

चिखलदरा

रस्ता सोपा आहे. नागपूरहून अमरावती, तिथून परतवाडा आणि मग घाट. एकूण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांना बडनेरा जवळ पडतं. वर पोचल्यावर आपलीच गाडी जवळपास सगळीकडे नेता येते, हा मोठा फायदा. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, मोझरी पॉइंट असं सगळं गाडीतून उतरून थोडं चालून बघता येतं. आजी-आजोबा सोबत असतील, कडेवर लेकरू असेल, तर या एका कारणासाठी मी डोळे झाकून चिखलदरा सांगेन.

पण हे सगळे पॉइंट एका दिवसात होतात. दुसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि तिथेच बहुतेक लोक घाई करून परत फिरतात. त्यांनी गाविलगडाला अख्खी सकाळ द्यावी. किल्ला बहामनी काळातला, १४२५च्या सुमारास अहमदशहा बहामनीने बांधल्याचं सांगतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी जिंकला. त्या सैन्याचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजे बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. दरवाज्यांवरची शिल्पं, आतले तलाव, मशीद, गवतात पडलेल्या तोफा बघत निवांत हिंडायचा हा किल्ला आहे. सोबत पाणी घ्या आणि उन्हं उतरायच्या आत बाहेर या. आजूबाजूचं जंगल वाघाचं आहे.

चिखलदऱ्याची खरी श्रीमंती मात्र गावाबाहेर आहे. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, १९७३-७४चा. सेमाडोह, कोलकास, हरिसाल या बाजूला उतरलं की साग-बांबूचं जंगल, सिपना नदी आणि कोरकू आदिवासींची गावं लागतात. वन विभागाची निवासस्थानं सेमाडोह आणि कोलकासला आहेत. माझा आग्रह असा, की तीन दिवस चिखलदऱ्याला द्यायचे असतील तर एक रात्र वर आणि एक रात्र खाली जंगलात काढा. वाघ दिसेलच याची खात्री कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गवा, अस्वल, शेकरू यांची आशा धरा. बाजारातून निघताना खवा आणि रबडी घ्या. महाराष्ट्रात कॉफी पिकणारी जागा म्हणून चिखलदऱ्याचं नाव घेतलं जातं, तिचीही एखादी पुडी घ्या.

पचमढी

इथे जाताना रस्ता हाच सहलीचा भाग आहे. सावनेर, सौंसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया आणि मटकुली; अंतर अडीचशेच्या थोडं वर. सौंसरपर्यंत दुकानात, चहाच्या टपरीवर मराठीच ऐकू येते. जवळच जामसांवळीला निद्रिस्त हनुमानाचं देऊळ आहे, तिथे थांबणारे पुष्कळ. तामियाला थांबून दरी बघा, पातालकोटचं खोल खोरं तिथून जवळ आहे. पण त्याला वेगळा दिवस लागतो, याच सहलीत कोंबू नका. मटकुलीला देनवा नदी ओलांडली की शेवटचा घाट सुरू होतो. रेल्वेचं स्टेशन पिपरिया, इटारसी-जबलपूर मार्गावर. मुंबईहून जबलपूरकडे जाणाऱ्या गाड्या तिथून जातात.

वर पोचल्यावर खर्चाचं गणित बदलतं. अनेक ठिकाणांसाठी वन विभागाची परवानगी आणि भाड्याची जिप्सी लागते. चौघांत हा खर्च जाणवत नाही, पण दोघंच असाल तर बजेटमध्ये आधीच धरा.

आणि मग पायांना काम. रजत प्रपात, अप्सरा विहार, बी फॉल, जटाशंकर ही सगळी उतरून बघायची ठिकाणं आहेत, आणि जेवढं उतरलात तेवढं परत चढायचं आहे. बी फॉलच्या पायऱ्या चढताना दम लागतोच. अप्सरा विहारचं कुंड मुलांना घेऊन बसायला चांगलं आहे, दगड मात्र निसरडे. धूपगड १३५२ मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर. सूर्यास्ताला सगळं पचमढी तिथे जमतं. गर्दी नको असेल तर पहाटे जायची सोय विचारून बघा. वाटेत जागोजागी साल वृक्ष लागतात. मेळघाटचा साग फेब्रुवारी-मार्चपासून पानं टाकून उघडा पडतो, तेव्हा साल हिरवा असतो. म्हणून होळीची किंवा गुढीपाडव्याची जोडून सुट्टी असेल तर माझा कौल निःसंशय पचमढीला.

विदर्भातल्या माणसाला पचमढी सांगायची गरज नाही म्हणा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोक ‘महादेवाला’ जातात ते इथेच. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन हजाराहून जास्त पायऱ्या चढून चौरागडावर जाणारे, आणि नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत नागद्वारीची खडतर वाट चालणारे कित्येक जण वऱ्हाडातले आणि नागपूरकडचे असतात. श्रद्धेने जायचं असेल तर त्याच दिवसांत जा, तो अनुभव दुसऱ्या वेळी मिळणार नाही. शांतता हवी असेल तर हे दोन्ही काळ टाळा. महादेव गुहा, गुप्त महादेवची जेमतेम माणूस मावेल अशी फट आणि चौरागड हे सगळं इतर महिन्यांत निवांत होतं.

जंगल सफारीसाठी सातपुडा व्याघ्रप्रकल्पाचं मढई दार आहे, पण ते पचमढीपासून बरंच लांब. तीन दिवसांत पचमढी आणि मढई दोन्ही केलं की दोन्ही अर्धवट राहतात.

पावसाळा आणि मुक्काम

ऑगस्टमधली जोडून सुट्टी असेल तर चिखलदरा. ढग अंगावरून जातात, कड्यांवरून धबधबे कोसळतात, बेसॉल्टचं हे रूप याच काळात दिसतं. पचमढीत पावसाळ्यात ओढे फुगतात आणि उतरायची ठिकाणं बंद असू शकतात, म्हणजे तिथली मुख्य गोष्टच हातची जाते. पण १५ ऑगस्टच्या आसपास चिखलदऱ्याच्या घाटात वाहनांच्या रांगा लागतात. त्यामुळे पहाटे परतवाड्यातून वर चढा, आणि जमलं तर गर्दी परत फिरेल त्याच्या दुसऱ्या दिवशी उतरा. धुक्यात पॉइंटच्या कठड्यापलीकडे फोटोसाठी जाऊ नका, हे हात जोडून सांगतो. दरी दिसत नाही म्हणून ती तिथे नाही असं होत नाही.

दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत दोन्ही सुंदर. तेव्हा घरात कोण कोण आहे एवढंच बघा: सगळे चालणारे आणि पूर्ण तीन दिवस असतील तर पचमढी, नाहीतर चिखलदरा.

मुक्कामाला पचमढीत मध्य प्रदेश पर्यटनाची बरीच घरं आहेत, त्यातली काही ब्रिटिश काळातले जुने बंगले आहेत. उंच छत, मोठा व्हरांडा, समोर झाडं. पैसे थोडे जास्त जातात, पण तिथे राहणं हाच सहलीतला एक मोठा आनंद आहे, म्हणून बाजारातल्या हॉटेलपेक्षा मी तेच सुचवेन. चिखलदऱ्यात एमटीडीसीचं, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खासगी हॉटेलंही भरपूर. दोन्हीकडे जोडून सुट्टीच्या खोल्या आधीच भरतात, तेव्हा कॅलेंडर हातात आलं की त्याच आठवड्यात आरक्षण करा. कोलकासला राहायचं असेल तर आधी तिथली खोली मिळते का ते बघा, आणि त्यानुसार चिखलदऱ्याची रात्र ठरवा.