जपानीची वही: देवनागरीत की हिरागानात?

सुरुवातीला उच्चार देवनागरीत लिहून घ्यावेसे वाटतात, आणि त्यात तथ्य आहे. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. हा फरक आपलं जोडाक्षर चोख दाखवतं. पण 'ओबासान'पाशी गाडी अडते. मावशी आणि आजी, दोघींसाठी आपण तेच लिहितो. आजीचा 'बा' मात्र दुप्पट लांब. हिरागाना या जपानी लिपीत तिथे 'आ'चं वेगळं अक्षर येतं, गोंधळ उरत नाही. शिवाय जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा, जपानी लिपीतच असते.

म्हणून माझं मत हिरागानाला. मूळ अक्षरं ४६च. क्रम आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना; संस्कृत लिहिण्याच्या जुन्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून घडलेला, आपल्या वर्णमालेचा नातेवाईकच! रोज पाच अक्षरं हाताने गिरवा. दहा दिवसांत देवनागरीची वही मिटता येईल.