१९६९ ची शेवेल एसएस म्हणून साधी मालिबू गळ्यात मारली, जुनी मसल कार घेणाऱ्यांनी नक्की वाचा

हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. इथे मिशिगनमध्ये आपली बरीच मराठी मंडळी ऑटो इंडस्ट्रीत आहेत आणि मुलं कॉलेजला गेली, घराचं कर्ज फिटत आलं की एखादी जुनी मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या इंजिनाची दमदार गाडी) घ्यावी असं अनेकांच्या मनात असतं. माझ्या मामेभावाच्याही होतं. ऑगस्टमधली वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची जत्रा, दादा कधी चुकवत नाही, वर्षानुवर्षं त्याने यासाठी पैसे बाजूला टाकले आणि शेवटी ओहायोतल्या एका डीलरकडून १९६९ ची शेवेल एसएस ३९६ (शेवरोलेची मसल कार, ३९६ म्हणजे इंजिनाचे क्युबिक इंच) घेतली, ५८,००० डॉलरला. ती एसएस नव्हतीच. साधी मालिबू होती, म्हणजे शेवेलचंच रोजच्या वापराचं रूप, वरून एसएसचा सगळा साज चढवलेली, आणि ज्याने हे केलं त्याला आपण काय करतोय ते पूर्ण ठाऊक होतं.

पूर्ण ठाऊक होतं असं का म्हणतो ते सांगतो. १९६६ ते १९६८ या तीन वर्षांत एसएस ३९६ हे शेवरोलेचं वेगळं मॉडेल होतं, त्यामुळे व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) १३८ ने सुरू होतो आणि नंबर वाचला की विषय संपला. १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं, त्याचा कोड झेड२५, आणि हा कोड व्हीआयएनमध्ये कुठेच येत नाही. मालिबू व्ही८ स्पोर्ट कूपेचा नंबर १३६३७ ने सुरू होतो, मग ती एसएस असो नाहीतर भाजी आणायला घेतलेली असो. म्हणूनच बनावट करणाऱ्यांचं १९६९ वर फार प्रेम. त्यात आपल्याला सवय कारफॅक्स (गाडीचा पूर्वेतिहास दाखवणारा रिपोर्ट) काढायची, पण १७ अंकी व्हीआयएन आला १९८१ च्या मॉडेलपासून, त्याआधीच्या गाडीला कारफॅक्सचा काही उपयोग नाही.

डीलरने दाखवलं काय, तर फॅक्टरीच्या बिल्ड शीटची (गाडीत काय काय बसवायचं त्या यादीची) झेरॉक्स, वॉरंटी बुकातली ती धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट (गाडीचे तपशील उठवलेली पट्टी), आणि इंजिनाच्या पॅडवर (ब्लॉकवरच्या सपाट जागेवर) गाडीच्या व्हीआयएनशी जुळणारा नंबर. जाहिरातीत आणि ईमेलमध्ये त्याने स्वतः लिहिलं होतं, नंबर्स मॅचिंग, ओरिजिनल ३९६, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं. रिस्टोरेशनचे फोटो होते, पण सगळे रंग दिल्यानंतरचे, उघड्या पत्र्याचा एकही नाही. दादाने मागितले तर म्हणे आधीच्या मालकाचा फोन हरवला.

भांडं फुटलं इन्शुरन्समुळे. जुन्या गाड्यांच्या पॉलिसीत किंमत आधी ठरवून लिहितात, त्यासाठी एक अप्रेझर (किंमत ठरवणारे तज्ज्ञ) आले. आयुष्य शेवरोलेच्या इंजिनांत गेलेला शांत माणूस, मीही तेव्हा तिथेच होतो. रंगाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, थेट टॉर्च घेऊन खाली शिरले आणि म्हणाले मागच्या डिफरन्शियलच्या कव्हरचे बोल्ट मोजा. दहा. बिग ब्लॉक (३९६ सारखं मोठं इंजिन असलेल्या) एसएसला बारा बोल्टवाला अॅक्सल असायला हवा. हे कुणीही मोजू शकतं हो, त्याला तज्ज्ञ लागत नाही.

मग इंजिन. पॅसेंजर बाजूच्या हेडच्या पुढे जो सपाट पॅड असतो त्यावर कारखान्यातल्या मशीनच्या बारीक समांतर रेघा असतात. इथे पॅड गुळगुळीत, म्हणजे घासून त्यावर नवीन नंबर ठोकलेला. पण ब्लॉक ओतताना उठवलेली तारीख तशीच होती, केशरी रंगाच्या जाड थराखाली. अप्रेझरनी तिथला रंग खरवडला. जे १७ ९. जे म्हणजे दहावा महिना, म्हणजे १७ ऑक्टोबर १९६९. आणि फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) टॅगवर बॉडीची तारीख ०२सी, फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. गाडी फेब्रुवारीत तयार झाली आणि तिचं "ओरिजिनल" इंजिन ऑक्टोबरमध्ये ओतलं! वर ते इंजिन खरं ३९६ पण नाही, १९७० च्या मॉडेलला शेवरोले ३९६ नावाने विकायची ते प्रत्यक्षात ४०२ क्युबिक इंचाचं, हे त्यातलं. दादा नुसता बघत राहिला, मला म्हणाला, "अरे पण नंबर तर जुळत होता ना." जुळणारच, जुळावा म्हणूनच ठोकला होता. मला अजूनही सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो, कारण रंग चांगला दिसावा म्हणून कुणीही झटेल, पण पॅड घासून दुसऱ्या गाडीच्या इंजिनावर या गाडीचा नंबर ठोकणं याला दुसरं कारणच असू शकत नाही.

पत्र्याचीही तीच कथा. पेंट मीटर (रंगाची जाडी मोजणारा) लावला तर दारांवर ठीक, मागच्या क्वार्टर पॅनलवर चाकामागे आकडा एकदम वर, म्हणजे आत पुट्टी, लोहचुंबक तिथे धरतच नव्हता. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत गंज, डिकीच्या तळाला पॅच वेल्डिंग, त्यावर ताजं काळं अंडरकोटिंग. पन्नास वर्षं जुन्या गाडीच्या तळाला ताजं अंडरकोटिंग दिसलं तर आधी विचारा खाली काय आहे. शेवेलचा फ्रेम वेगळा असतो, तो मागच्या चाकांच्या वर आणि मागे ठोकून बघायचा, आमचा निदान तेवढा तरी शाबूत निघाला.

किंमत? अप्रेझरनी लिहून दिलं, क्लोन म्हणून, म्हणजे एसएससारखी सजवलेली साधी गाडी म्हणून, ३१,०००. क्लोन घेण्यात वाईट काहीच नाही, चालवायला मजा तीच येते, पण मग क्लोनचे पैसे द्यायचे. चकाकी पैसे देऊन कधीही आणता येते, सुटे भाग सगळे नवे मिळतात, प्रोटेक्ट-ओ-प्लेट आणि टॅगसुद्धा नकली बनवून मिळतात. वरचे २५-३० हजार तुम्ही देता ते फक्त पुराव्याचे, तेव्हा पुरावाच तपासा. बिल्ड शीट मूळ कागद हवा, बऱ्याचदा तो पेट्रोल टाकीच्या वर नाहीतर सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडतो, झेरॉक्सला काही अर्थ नाही. अमेरिकेत बनलेल्या शेवरोलेचं एकेका गाडीचं रेकॉर्ड कंपनीकडून मिळत नाही म्हणून तिथे जास्त जपायचं. पाँटियाकचं बरं आहे, त्यांची मसल कार जीटीओ १९६४-६५ मध्ये साध्या लेमान्सचं ऑप्शनच होती, पण पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून फॅक्टरी इनव्हॉइसची प्रत येते. १९६७ पासूनच्या फोर्ड-मस्टँगला मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून दिलेला) मागवा. डॉज-प्लिमथच्या त्या काळातल्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षर इंजिनाचं असतं, १९७० ची हेमी (त्यांच्या नावाजलेल्या मोठ्या इंजिनाची गाडी) म्हणून सांगताहेत आणि तिथे आर नाही तर तिथूनच परत फिरा.

आणि तपासणारा माणूस तुम्ही शोधलेला, तुम्ही पैसे दिलेला हवा. दादालाही इन्स्पेक्शन रिपोर्ट दिला होता, छान बाइंड केलेला, नंतर कळलं तो डीलरच्याच ओळखीतल्या गॅरेजचा. तपासणीला काहीशे डॉलर जातात, पण टोकन देण्याआधीच करा, कारण डीलर सतत सांगत होता की टेक्सासचा दुसरा गिऱ्हाईक पैसे घेऊन तयार बसलाय.

आता प्रकरण वकिलाकडे आहे. बिलावर अॅज इज (आहे त्या स्थितीत विकली) लिहिलंय, डीलर तेच पुढे करतोय, पण वकिलांचं म्हणणं ओरिजिनल ३९६ असं लेखी खोटं सांगितलंय, त्याला अॅज इजचं पांघरूण पुरत नाही. त्यामुळे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ईमेल, मेसेज सगळं जपून ठेवा. आमची जाहिरात विक्रीच्या दुसऱ्याच दिवशी साइटवरून गायब झाली, वहिनीने आधीच प्रिंट काढून ठेवली होती म्हणून आज हातात काहीतरी आहे.

डेट्रॉइटच्या आसपास कुणी अशी गाडी बघायला जाणार असेल तर मेसेज करा, पेंट मीटर आणि टॉर्च घेऊन मी येतो, दादा पण येईल म्हणालाय.