मॅकडोनल्ड्सचे फ्राइज: शाकाहारी माणसाने कुठे खावेत, कुठे नाही

कामासाठी परदेशी जावं लागतं आणि मी पक्का शाकाहारी, त्यामुळे मॅकडोनल्ड्समध्ये माझी गाठ बर्गरपेक्षा फ्राइजशी जास्त पडते. बटाटा, तेल, मीठ, एवढाच मामला. पाटी तीच, लाल-पिवळा पुडाही तोच, पण शाकाहाऱ्याला ज्याची धास्ती ते नेमकं तेलातच असतं आणि देश बदलला की तेही बदलतं. म्हणून हा रिव्ह्यू फक्त फ्राइजचा. बाकीच्या गोष्टी ओघात येतील तेवढ्याच.

पहिला नंबर ब्रिटनचा. घटकांची यादी एका दमात वाचून होते: बटाटे, सूर्यफुलाचं आणि रेपसीडचं (मोहरीच्या जातीच्या बियांचं) तेल, डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर). डेक्स्ट्रोज मुख्यतः बटाट्याच्या हंगामाच्या सुरुवातीला घातलं जातं, असंही तिथेच लिहिलेलं असतं. फ्राइजचा रंग वर्षभर सारखा यावा म्हणून हा उद्योग. एवढ्या अवाढव्य कंपनीलाही नव्या बटाट्यापुढे मान तुकवावी लागते, याची मला उगीचच गंमत वाटते. तळायची भांडी वेगळी, फ्राइज चक्क व्हीगन, म्हणजे त्यात प्राणिज असं काहीच नाही. डोळे मिटून खावेत. मॅकप्लांट नावाचा वनस्पतीजन्य बर्गरही तिथे २०२२ मध्ये देशभर आला. तो मला काही रुचला नाही. ज्याने जन्मात मांस तोंडात घातलं नाही, त्याला हुबेहूब मांसासारखी चव देऊन काय साधतं कोण जाणे! पण ज्यांनी मांस सोडलंय त्यांना आवडेल.

आता अमेरिका, म्हणजे या फ्राइजचं माहेरघर. तिथली यादी लांबलचक आहे आणि त्यात ‘नॅचरल बीफ फ्लेवर’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. हा स्वाद गहू आणि दूध यांच्यापासून बनवायला घेतात, अशी पुस्तीही पुढे आहे. पण कंपनी तिथला कुठलाच पदार्थ शाकाहारी म्हणून प्रमाणित करत नाही, तेव्हा आपण कशाला खात्री द्यायची? यामागची हकिगत जुनी आहे. पूर्वी हे फ्राइज बहुतांशी गाईच्या चरबीतच तळले जायचे. कोलेस्टेरॉलवरून ओरड झाली आणि १९९० मध्ये कंपनीने वनस्पती तेल आणलं, पण लोकांच्या जिभेवर बसलेली चव जाऊ नये म्हणून स्वाद तेवढा ठेवला. ‘वनस्पती तेल’ ऐकून कित्येक हिंदू आणि शाकाहारी मंडळी वर्षानुवर्षं निर्धास्तपणे खात राहिली. २००१ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, २००२ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि तडजोडीत १ कोटी डॉलर हिंदू, शाकाहारी वगैरे संस्थांना द्यायचं कबूल केलं. स्वाद मात्र आजही यादीत आहे! शिवाय तो बटाटे कारखान्यात अर्धवट तळताना आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे काउंटरवर ‘वेगळ्या तेलात तळून द्या’ म्हणून गयावया करण्यात काही अर्थ नाही. मी तिथे कॉफी आणि ॲपल पाय (सफरचंदाचं सारण भरलेला गोड पदार्थ) घेतो. हा ॲपल पाय १९९२ पासून तळायच्या ऐवजी भाजतात. खुसखुशीतपणा थोडा कमी, पण पोटाला आधार होतो.

जपानमध्ये तर विषयच संपला. तळायचं तेल म्हणजे गाईची चरबी आणि पाम तेल यांचं मिश्रण. ॲलर्जीच्या तक्त्यात फ्राइजसमोर गोमांसाची नोंद आहे, म्हणजे लपवाछपवी नाही, एवढं मान्य करायला हवं. बरोबरचे सहकारी त्या चवीचं तोंड भरून कौतुक करतात, आणि नुसत्या वासावरून मला ते खरं वाटतं. यातली मजा अशी की बटाटे उत्तर अमेरिकेतून जातात. २०२१ च्या डिसेंबरात कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदराकडे पुरामुळे जहाजं खोळंबली, तेव्हा जपानभर काही दिवस फक्त लहान पुडा मिळत होता. म्हणजे बटाटा परदेशी, आणि तेल तिथल्या जिभेला रुचेल असं!

भारतात १९९६ मध्ये आल्यापासून गोमांस आणि डुकराचं मांस मेन्यूत नाहीच. व्हेज-नॉनव्हेजची तयारी वेगळी, कर्मचारी वेगळे, मेयोनीजसुद्धा बिनअंड्याचं. निर्धास्तपणाला पैकीच्या पैकी गुण. चवीला नाही, कारण पावात बटाट्याची टिक्की आणि सोबत पुन्हा बटाटाच.

हे सगळं ‘बाहेरच्या देशांसाठी केलेली सोय’ म्हणून सांगितलं जातं, ते मला पटत नाही. फिले-ओ-फिश हा माशाचा बर्गर अमेरिकेतच जन्मला, १९६२ मध्ये सिनसिनाटीत, कारण शुक्रवारी मांस न खाणारे कॅथलिक गिऱ्हाईक हातचं जात होतं. गल्ला रिकामा दिसला की हे लोक बरोबर बदलतात. अमेरिकेतल्या शाकाहाऱ्यांची संख्या अजून त्यांच्या डोळ्यात भरलेली दिसत नाही.

फ्रान्सचा उल्लेख भांड्यासाठी. २०२३ पासून तिथे बसून खाणाऱ्याला धुऊन पुन्हा वापरता येतील अशाच भांड्यांत द्यावं लागतं, तसा कायदाच आहे. त्यामुळे फ्राइज लाल रंगाच्या कडक डब्यात येतात, आकार थेट कागदी पुड्याचा. डबा टेबलावर नीट उभा राहतो, बोटांना तेलकट कागद लागत नाही. फक्त तळाशी उरलेला चुरा काढायला डबा उलटाच करावा लागतो.

जपानला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: मॉस बर्गर या तिथल्याच साखळीने २०२० मध्ये ग्रीन बर्गर आणला. त्यात मांस, अंडी, दूध काही नाही आणि कांदा-लसूणही नाही. जाण्याआधी तो सध्याच्या मेन्यूत आहे का ते पाहा, आणि सोबत फ्राइज घ्यायचे तर तेलाची चौकशी आधी करा.