'फ्यूरी रोड' की 'फ्युरिओसा' : आधी कोणता लावायचा?

हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांनी उत्तरही सोबतच आणलं होतं. "'फ्युरिओसा'त आधीची गोष्ट आहे ना, मग तोच आधी बघू." हिशेब चुकलेला नाही. २०२४ चा 'फ्युरिओसा' हा चित्रपट जिथे थांबतो, तिथूनच २०१५ चा 'मॅड मॅक्स : फ्यूरी रोड' सुरू होतो. सांधा इतका घट्ट आहे की 'फ्युरिओसा'च्या श्रेयनामावलीत 'फ्यूरी रोड'मधली दृश्यं येतात. तरीही माझं मत उलट आहे. आधी 'फ्यूरी रोड' बघा. दोघांपैकी एकच बघायचा असेल तरी तोच. एका विशिष्ट प्रेक्षकाला मात्र मी डोळे झाकून 'फ्युरिओसा'कडे पाठवते, त्याच्याविषयी पुढे.

मागचे तीन भाग पाहिले नसतील तर काही अडत नाही. जॉर्ज मिलर हा डॉक्टरकी शिकलेला माणूस. त्याने १९७९ मध्ये अगदी तुटपुंज्या पैशांत पहिला 'मॅड मॅक्स' काढला. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोलसाठी हातघाईवर आलेले लोक ऑस्ट्रेलियाने पाहिले होते, आणि या जगाचं बी त्यातच आहे. पुढे १९८१ आणि १९८५ मध्ये आणखी दोन भाग आले. पण या मालिकेत सनावळी जुळवत बसायचं नसतं. मॅक्स हा लोककथेतल्या नायकासारखा आहे, दर वेळी नव्याने सांगितला जाणारा. पहिल्या भागातला खलनायक रंगवणारा ह्यू कीज-बर्न 'फ्यूरी रोड'मध्ये पुन्हा खलनायक होऊन येतो, पण वेगळाच माणूस म्हणून, आणि कुणी त्याचं स्पष्टीकरण मागत नाही.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघू.

'फ्यूरी रोड' दोन तासांचा, 'फ्युरिओसा' त्याहून अठ्ठावीस मिनिटांनी मोठा. खरा फरक मात्र पडद्यावर सरणाऱ्या काळात आहे. पहिल्यात तीनेक दिवस जातात, दुसऱ्यात पंधराएक वर्षं. पहिला म्हणजे एक रेघ. इम्पेरेटर फ्युरिओसा नावाची सेनानी हुकूमशहाच्या पाच बायकांना टँकरमध्ये लपवून पळून निघते आणि अख्खं सैन्य तिच्या मागे लागतं. दुसरा पाच प्रकरणांत मांडलेला आहे, पोथीतल्या अध्यायांसारखा. हिरव्या प्रदेशातून पळवून नेलेली एक मुलगी दोन जुलमी माणसांच्या ताब्यात मोठी होते आणि एक सूड मनात जपून ठेवते. म्हणून 'फ्यूरी रोड' मध्येच थांबवू नका. अर्ध्यावर चहाला उठलात तर पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात करावी लागते. 'फ्युरिओसा' दोन बैठकांत पाहिला तरी चालतो, मला तर तसाच जास्त आवडला.

हे मला उशिरा उमगलं. थिएटरमधून मी चिडूनच बाहेर पडले होते. मला आणखी एक 'फ्यूरी रोड' हवा होता, आणि समोर आली एक लांबलचक, थांबत थांबत सांगितलेली दंतकथा. चाळीस दिवसांचं एक युद्ध जवळ येत असतं, आपण सरसावून बसतो, आणि मिलर ते निवेदनाच्या चार वाक्यांत उरकून टाकतो! तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना कळलं की त्याला ते युद्ध दाखवायचंच नव्हतं. त्या मुलीच्या लेखी ते युद्ध कुणा दुसऱ्यांचं होतं.

मारधाडीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक जण त्यासाठीच येणार. 'फ्यूरी रोड'मध्ये जवळपास २७०० कट आहेत. एवढे तुकडे असलेला चित्रपट डोळ्यांना शिणवेल असं वाटतं, पण तसं होत नाही. छायाचित्रकार जॉन सील प्रत्येक चौकटीत महत्त्वाची गोष्ट मधोमध ठेवतो. चेहरा असो, पिस्तूल असो वा चाक, चित्र बदललं तरी डोळा जागचा हलत नाही. संकलक मार्गारेट सिक्सेल हिने सुमारे ४८० तासांच्या चित्रीकरणातून हे दोन तास काढले. तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि चित्रपटाला एकूण सहा. धावत्या गाड्यांवर उभारलेल्या लवचीक खांबांच्या टोकाला माणसं झुलत येतात आणि टँकरवरून माणूस उचलून नेतात, तेव्हा कोण कुठून आलं हे आपल्याला बरोबर कळतं. आजच्या बहुतेक अॅक्शनपटांत नेमकं तेच कळत नाही. ज्वाळा ओकणारी ती गिटारही खरीच होती, वाजणारी आणि पेटणारी.

'फ्युरिओसा'कडे याच तोडीचा एक प्रसंग आहे, एकच. वॉर रिग या टँकरवर वाटेत हल्ला होतो. पॅराशूटला लोंबकळत हल्लेखोर आकाशातून उतरतात, आणि टँकरखाली लपलेली फ्युरिओसा हळूहळू वर येत शेवटी ड्रायव्हरच्या शेजारी पोचते. पंधरा मिनिटांचा हा प्रसंग चित्रित करायला ७८ दिवस लागले. त्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे तो ड्रायव्हर, प्रिटोरियन जॅक, आणि ती यांचं नातं. फारसं काही न बोलता, एकमेकांची कामं सांभाळताना ते जुळतं. टॉम बर्कने हा जॅक इतका शांत ठेवला आहे की या सगळ्या गोंगाटात त्याच्याकडेच लक्ष जातं.

दिसण्यात मात्र 'फ्यूरी रोड' सरळ पुढे आहे. तो ऑस्ट्रेलियातच व्हायचा होता, पण पावसामुळे ब्रोकन हिलच्या रखरखाटात रानफुलं उगवली. जगबुडीनंतरच्या वाळवंटाला फुलांचा काय उपयोग? मग सगळा लवाजमा नामिबियाला गेला. तिथली धूळ पडद्यावर खरी वाटते. 'फ्युरिओसा' न्यू साउथ वेल्समध्ये चित्रित झाला आणि त्याच्या काही दृश्यांत संगणकाची चकाकी जाणवते. पण 'यात ग्राफिक्स, त्यात सगळं खरं' ही वाटणी तितकीशी खरी नाही. 'फ्यूरी रोड'मधलं वाळूचं वादळ संगणकाचंच आहे, आणि एका हाताच्या फ्युरिओसासाठी चार्लीझ थेरॉनचा दुसरा हातही संगणकानेच पुसलेला आहे. फरक इतकाच की तिथे ते खटकत नाही.

खलनायकात पारडं फिरतं. 'फ्यूरी रोड'चा हुकूमशहा, इमॉर्टन जो, मुखवट्याआड असतो, थोडकं बोलतो, देवासारखा मिरवतो. भीती वाटते, पण ओळख होत नाही. 'फ्युरिओसा'त ख्रिस हेम्सवर्थचा डिमेंटस आहे. खोटं नाक, अंगाला बांधलेलं टेडी बेअर, तीन मोटारसायकली जुंपलेला रथ, आणि तोंडाची टकळी अखंड सुरू. आधी हसू येतं. मग लक्षात येतं की हा माणूस जिंकू शकतो, चालवू काही शकत नाही. तेलाचं शहर बळकावतो आणि थोड्याच काळात त्याची वाट लावतो. इमॉर्टन जो डिमेंटसहून भयंकर, कारण त्याला कारभार जमतो. पाणी आणि अन्न एका ठिकाणी, तेल दुसऱ्या, बंदुकीच्या गोळ्या तिसऱ्या, आणि तिघांची देवाणघेवाण चालू ठेवणारे टँकर. उद्ध्वस्त जगातली ही व्यवस्था 'फ्यूरी रोड'मध्ये ओझरती दिसते, 'फ्युरिओसा'त मात्र आतून कळते.

मघाशी म्हटलेला प्रेक्षक तो हाच. ज्याला पाठलागापेक्षा 'हे जग चालतं कसं, इथे कोण कुणाला काय देऊन जगतं' यात रस आहे, त्याने खुशाल 'फ्युरिओसा'पासून सुरुवात करावी. त्याचं थोडं नुकसान होईल, पण कंटाळा येणार नाही.

ते नुकसान कोणतं? 'फ्यूरी रोड'मध्ये फ्युरिओसा त्या बायकांना एका हिरव्या जागेकडे नेत असते. ती जागा आहे तरी का, की लहानपणीची एक आठवण उराशी धरून ही बाई सगळ्यांना मरणाच्या दारात नेते आहे? सगळा ताण या शंकेवर उभा आहे. 'फ्युरिओसा' पहिल्याच दृश्यात ती जागा दाखवून टाकतो, झाडावरच्या पीचसकट. शंका तिथेच संपते. उलट क्रमाने पाहिलं तर तेच दृश्य वेगळं लागतं. ती पोर फळाकडे हात नेते आणि आपल्याच पोटात गोळा येतो.

अभिनयाची तुलना मला तितकी महत्त्वाची वाटत नाही. थेरॉन थकव्यातून बोलते, 'फ्युरिओसा'त तीच भूमिका करणारी अन्या टेलर-जॉय डोळ्यांतून. तिला अख्ख्या चित्रपटात तीसेक वाक्यंच आहेत, आणि बालपणीची फ्युरिओसा झालेली अलायला ब्राउन बराच वेळ पडदा सांभाळते. टेलर-जॉय यायला उशीर का लागतो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं.

घरात मुलं असतील तर दोन्ही मोठ्यांसाठीच आहेत, पण 'फ्युरिओसा' जास्त क्रूर आहे. त्यात एक लहान मुलगी मध्यभागी आहे आणि तिच्या डोळ्यांदेखत जे होतं ते विसरता येत नाही. 'फ्यूरी रोड' त्या बायकांवरचे अत्याचार प्रत्यक्ष दाखवत नाही, भिंतीवर रंगवलेल्या एका वाक्यातून सांगतो.

'फ्युरिओसा'ने 'फ्यूरी रोड'च्या निम्म्याहूनही कमी गल्ला जमवला आणि ऑस्करचं एकही नामांकन त्याला मिळालं नाही, हे कुणी सांगेलच. त्यावरून निर्णय घेऊ नका. मिलर तेव्हा ७९ वर्षांचा होता. गाजलेल्या गोष्टीची नक्कल करणं त्याला सोपं गेलं असतं, ते त्याने केलं नाही.

हातात दीड तासच असेल तर तिसरा पर्याय १९८१ च्या दुसऱ्या भागाचा. एक वेढलेला तेलशुद्धीकरण कारखाना, एक टँकर आणि जवळजवळ मुका नायक. 'फ्यूरी रोड'चा कच्चा आराखडाच म्हणा. त्यात स्टंट करताना पायाला मोठी दुखापत करून घेतलेला गाय नॉरिस पुढे 'फ्यूरी रोड'चे स्टंट सांभाळायला होता.

वेळ असेल तर एवढं करा. 'फ्यूरी रोड' एका दमात, मोठ्या पडद्यावर, आवाज चढवून. काही दिवस जाऊ द्या. मग 'फ्युरिओसा', हवं तर दोन संध्याकाळी. आणि तो संपला की लगेच 'फ्यूरी रोड'ची फक्त सुरुवात पुन्हा लावा. कॅमेरा आधी फ्युरिओसाच्या मानेवर डागलेली खूण दाखवतो, मग ती टँकरकडे चालत जाते, कुणाशी न बोलता वर चढते. पहिल्यांदा पाहताना ती रोजच्या कामाला निघाली आहे असं वाटलं होतं. आता त्या गाडीत कोण लपून बसलं आहे, हे तुम्हालाही ठाऊक असतं.