बारा बोअरसाठी रिकॉइल पॅड: चढवायचा की स्क्रूने बसवायचा?

रोही आणि रानडुकरांपासून कपाशी, तूर, हरभरा राखण्यासाठी शेतसंरक्षणाचा परवाना घेतलेल्या विदर्भातील अनेक शेतकऱ्यांकडे जुनी एकनळी किंवा दुनळी बारा बोअर (छऱ्यांची बंदूक) असते आणि तिच्या खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या टोकाला बहुधा टणक प्लास्टिकची किंवा धातूची पट्टी असते. त्या पट्टीचा मार एकदा मनात बसला, की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच खांदा दचकतो आणि नेम चुकतो. दस्त्याच्या टोकाला लावायच्या मऊ रिकॉइल पॅडमुळे बार उडताना बसणारा धक्का नाहीसा होत नाही, पण तो थोड्या अधिक वेळात आणि खांद्याच्या अधिक भागावर पसरतो, त्यामुळे तो सोसवतो.

दस्त्यावर मोज्यासारखा चढवण्याचा पॅड स्वस्त पडतो, लाकडाला हात लावावा लागत नाही आणि नको वाटल्यास काढून ठेवता येतो. वडिलोपार्जित बंदुकीसाठी ही मोठी सोय आहे. मात्र त्याची संपूर्ण जाडी दस्त्याच्या लांबीत मिळवली जाते, आणि पावसाळ्यात त्याच्या आत ओल अडकून पॉलिश खराब होते, म्हणून जागलीहून परतल्यावर तो काढून दस्ता पुसणे भाग असते. स्क्रूने बसवण्याचा पॅड सरकत नाही आणि दस्त्याच्या घडणीशी एकजीव होतो, परंतु लांबी पूर्वीइतकीच राखायची असल्यास पॅडच्या जाडीएवढे लाकूड कापावे लागते, आणि कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. हे काम परवानाधारक गनस्मिथकडूनच (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच) करून घ्यावे. बंदूक गावच्या सुताराकडे सोपवणे कायद्याला धरून नाही.

माझ्या मते निर्णय पॅडच्या मऊपणावर नव्हे, तर लांबीवर व्हायला हवा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर तयार बंदुकांत साधारण १४ इंच असते. बंदूक रिकामी असल्याची नळी उघडून खात्री करावी, मग ती खांद्याला लावून चापाजवळचा अंगठा आणि नाक यांत दोन ते तीन बोटांचे अंतर राहते का, ते पाहावे. अंतर त्याहून कमी असेल, तर चढवण्याचा पॅड उणीव भरून काढतो. ते आधीच पुरेसे असेल, तर त्याच पॅडमुळे दस्ता लांब होऊन काखेत अडकतो. ही तपासणी स्वेटर घालून आणि वर घोंगडी पांघरून करावी, कारण हरभऱ्याची जागल ऐन थंडीत असते आणि उन्हाळ्यातील सदऱ्यावर जुळलेले माप तेव्हा चुकते.

साहित्याबाबत फार खल करण्याचे कारण नाही. भरीव रबर टिकाऊ असते, पण जरा कडक वाटते. जाळीदार पॅड मऊ असतो, मात्र बंदूक बांधावर टेकवली की त्याच्या छिद्रांत काळी माती भरते. सॉर्बोथेनसारखे रबरासारखे कृत्रिम साहित्य धक्का अधिक शोषते, पण महाग आणि जड असते. कोणताही पॅड घेताना वरचा कोपरा गुळगुळीत आहे ना, ते बोट फिरवून पाहावे. खरखरीत कोपरा घोंगडीच्या लोकरीत अडकतो आणि बंदूक वेळेवर खांद्याला लागत नाही.

दुर्बीण लावलेल्या रायफलवर जाड पॅड चढवल्यास डोळा आणि दुर्बीण यांतील अंतर बदलते, त्यामुळे दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते. एरवी शेतातल्या बारा बोअरला स्क्रूने बसवलेला, भरीव रबराचा, अर्धा ते पाऊण इंची पॅड मी सुचवेन. त्याला बंदुकीचे तेल लागू देऊ नये, कारण तेलाने रबर फुगते व चिकट होते, आणि बंदूक महिनोन्‌महिने पॅडवर उभी न ठेवता कुलपात आडवी ठेवावी.