जीपला बोलेरोचा शाफ्ट : उद्यमनगरातल्या एका शाफ्टवाल्याचा अनुभव

आधी गाडीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. माझ्याकडं एमएम ५४० आहे, महिंद्राची जुनी डिझेल जीप, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी. कंपनीनं हिला चार गिअरचा बॉक्स दिलेला, पण माझ्या आधीच्या मालकानं हौसेनं पाच गिअरचा बसवलाय. चालवायला मजा येते, पण बॉक्स लांबीला वेगळा असल्यामुळं मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडची ताकद मागच्या चाकांकडं नेणारी फिरती नळी) कुठंतरी कापून आखूड करून घेतलेला, आणि ते काम कुणी केलंय देव जाणे, ५५ च्या पुढं काटा गेला की सीटखाली दळणाची चक्की सुरू. गिअर टाकला की मागं टक, हळू चालताना चिर्र चिर्र. क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे वाकणारे सांधे, दोनदा बदलले, फरक शून्य. शेवटी कळलं की शाफ्टच्या स्लिपचे (आतबाहेर सरकणारा जोड) दातेच झिजलेत, हातानं हलवला तरी खडखड वाजतोय.

आता अशा मोडीफाय गाडीला दुकानात तयार शाफ्ट मिळत नाही. ५४० चा घ्या, बसत नाही, बोलेरोचा घ्या, तोही बसत नाही. जीपचा व्हीलबेस ९१ इंच, म्हणजे २३१० मिलीमीटरच्या आसपास, आणि बोलेरोचा २६८०. पण भंगारात बोलेरोचा माल भरपूर, आणि मला एक शाफ्ट असा मिळाला की त्याचे स्लिपचे दाते नव्यासारखे, २५०० रुपयांत. म्हटलं हाच कापून बसवू, त्यात काय एवढं.

पहिल्या गॅरेजात (नाव घेत नाही, गाव लहान आहे) मिस्त्रीनं बघितलं आणि म्हणाला की डिफरन्शियलकडची (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) फ्लॅन्जची, म्हणजे बोल्टनं जोडायच्या चकतीची, होलं जुळत नाहीत, ड्रिल मारून मोठी करतो आणि बोल्ट टाकतो, दोन तासाचं काम. मला तेव्हा एवढं कळत नव्हतं पण मन खाईना म्हणून शाफ्ट उचलला आणि कोल्हापूर गाठलं, शिवाजी उद्यमनगरात. तिथं लेथ, फाउंड्री, वेल्डिंग, जे म्हणाल ते दोन गल्ल्यांत मिळतं. एका ट्रकवाल्या मित्रानं सांगितलेलं दुकान, बाहेर ट्रकचे शाफ्ट उसाच्या मोळीसारखे उभे केलेले, पाटी वाचायला येत नाही एवढी काळी.

आत साठीतले एक मामा. मी दोन्ही शाफ्ट पुढं ठेवले, जुना आणि बोलेरोचा, आणि सांगितलं की याच्याएवढा तो करून द्या. मामांनी शाफ्टला हातपण लावला नाही.

"गाडी कुठाय?"

"घरी आहे."

"मग माप कशाचं घिऊ? ह्यो जुना तर चुकीचाच कापलाय म्हणताय. गाडी आणा की."

"शाफ्ट नसताना गाडी कशी आणू मामा?"

"फोर बाय फोर हाय न्हवं? पुढचे हब लॉक करा, लिवर टाका, पुढच्या चाकांवर या."

खरं सांगतो, जीप घेऊन चार वर्षं झाली पण हे डोक्यात आलं नव्हतं. हिच्या शाफ्टला दोन्हीकडं फ्लॅन्ज आहे, त्यामुळं काढला तरी तेल गळत नाही, आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) फोर व्हीलमध्ये टाकली की पुढची चाकं ओढतात. दुसऱ्या दिवशी तशीच पुढच्या चाकांवर हळूहळू आणली, चढाला जरा चाक फिरलं, बाकी काही नाही.

आता यांचं काम कसं ते सांगतो कारण पैसे त्याचेच आहेत. माप घेताना गाडी चारही चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही. जॅकवर मागचा एक्सल (चाकांचा दांडा) खाली लोंबकळतो, स्प्रिंगचे पाटे मोकळे होतात आणि माप चुकतं. रस्त्यावर एक्सल वरखाली होतो तेव्हा फ्लॅन्ज ते फ्लॅन्ज अंतर बदलत राहतं, म्हणून तर स्लिप असते. ती पूर्ण आत दाबून माप घेतलं तर पहिल्याच खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सला धडक देणार. मामांनी साधारण इंचभर आत जायला जागा ठेवली आणि बाहेर यायला दात्यांची पकड भरपूर ठेवली. मला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं आणि तीनदा मापलं.

मग होलांचा विषय काढला. मामा म्हणाले, ड्रिल मारला असता तर शाफ्ट मधोमध बसलाच नसता, केसभर जरी बाजूला सरकला तरी थरथर राहते मग कितीबी बॅलन्स करा. पिनियनवरची (डिफरन्शियलमधला शाफ्टकडचा छोटा गिअर) फ्लॅन्ज बदलायची का विचारलं तर म्हणाले त्या नटाला हात लावायचा नाही, बेअरिंगचा टाइटपणा त्याच्यावर आहे. मग उपाय काय, तर माझ्या जुन्या शाफ्टचं मागचं तोंड, योक (क्रॉस धरणारा दुबेळका) आणि फ्लॅन्जसकट, कापून बोलेरोच्या नळीला जोडायचं. नळीच्या जाडीत फरक होता तर लेथवर एक रिंग काढून घेतली.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी तीन वर्षं दळणाच्या चक्कीत बसलो. क्रॉस तिरका फिरतो तेव्हा पलीकडचा भाग एकसारख्या वेगानं फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढं-मागं होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो झटका उलटा मारून खातो, पण कधी, तर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. माझा जुना शाफ्ट कापणाऱ्यानं योक चक्क तिरका वेल्ड केलेला. मामांनी दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून डोळ्यानं दाखवलं, दुकानातलं पोरगं हसायला लागलं आणि मला लाज वाटली, म्हणजे काम माझं नव्हतं तरी. स्लिप जोडतानाही बाणासमोर बाण लावायचा, एक दाता इकडंतिकडं झाला की संपलं.

आधी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे कच्चे ठिपके, मारले, मग लेथवर धरून वाकडेपणा दाखवणारा डायल लावून फिरवला, जिथं काटा जास्त हलला तिथं ठोकून सरळ केला, मग समोरासमोर थोडी थोडी करत पूर्ण वेल्ड. शेवटी बॅलन्सिंग मशीनवर, दोन छोट्या पट्ट्या चिकटवल्या. मी म्हटलं एवढं बॅलन्स लागतं का जीपला, तर मामांचं उत्तर आवडलं. चौथ्या गिअरला इंजिन २००० फिरलं की शाफ्टपण २०००, पण तुम्ही पाचवा टाकलाय, पाचव्याला शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरतो, मग लागंल न्हाईतर काय.

दोन नवे क्रॉस धरून बिल ३८०० झालं. बिल म्हणजे तोंडी, कागद मागितला तर वहीचं पान फाडून दिलं. महाग नाही म्हणणार.

तक्रारी आहेत. "संध्याकाळी घिऊन जा" म्हणाले आणि चौथ्या दिवशी दिला, मधे एका ट्रकवाल्याचं तातडीचं आलं म्हणून माझं बाजूला, फोन केला की "झालंच" एवढंच. गाडी उभी करायला जागा नाही, मी गल्लीच्या तोंडाशी लावली तर रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. उरलेला बोलेरोचा तुकडा परत दिला नाही, विचारल्यावर भंगारात गेला म्हणाले. वेल्डवर रंग मारलाच नाही, मी घरी येऊन प्रायमर मारला.

चालवून बघितली. कागलपर्यंत हायवेला ८० नेली, सीट शांत, आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते (आधी सगळं डबल दिसायचं, बायको म्हणायची चष्मा बदला). मग गगनबावड्याला नेऊन करूळ घाट उतरून परत चढवली, मुद्दाम खड्ड्यांतनं, तर स्लिप कुठं आपटली नाही. अॅक्सिलेटर सोडला की थोडी घूं येते, पण ती डिफरन्शियलची असावी, शाफ्ट नव्हता तेव्हा पुढच्या चाकांवर येतानासुद्धा मागनं येतच होती.

एक मात्र चुकलंय. दोन क्रॉसची ग्रीस निपलं एका बाजूला पाहिजे होती, यांनी एक वर एक खाली बसवलंय. ग्रीस मारायची तर एकाला मारून गाडी अर्धा फेरा ढकलायची, मग दुसऱ्याला, आणि ढकलायला घरात मी एकटाच. फोन केला तर मामा म्हणाले या की, दहा मिनिटाचं काम हाय. दहा मिनिटं म्हणजे किती दिवस ते आता मला माहीत आहे, त्यामुळं पुढचा शाफ्ट काढायची वेळ येईल तेव्हाच दोन्ही एकदम घेऊन जाईन.