मिस मारणाऱ्या गाडीसाठी ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

पेट्रोल गाडी मिस मारायला लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याने झटके देऊ लागली, की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच क्रम चालतो. आधी प्लग बदला, मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग), मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) साफ करून घ्या, आणि तरीही झटके येत असतील तर खापर ईसीएमवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर. प्रत्येक पायरीला खिशात हात घालायचा. या अंदाजपंचे खर्चाला कंटाळून मी गेल्या पावसाळ्यात स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर घेतला. ईसीएमने नोंदवलेले दोषांचे कोड आणि इंजिनचे आकडे तो मोबाईलवर दाखवतो. घरच्या दुरुस्तीत इतक्या कमी पैशांत इतकं कामाला आलेलं दुसरं हत्यार माझ्याकडे नाही. मात्र त्याच्याकडून काय मागायचं हे माहीत हवं.

मिसफायर ओळखायला ईसीएम ठिणगी बघत नाही, तो क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा, वेग बघतो. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की क्रँकला धक्का मिळतो. तो मिळाला नाही की क्रँक क्षणभर मंदावतो. त्या क्षणी पाळी कुणाची होती हे ईसीएमला ठाऊक असतं, म्हणून कोड पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. ठराविक सिलिंडर सांगता येत नसेल किंवा अनेक सिलिंडर मिस मारत असतील तर पी०३००. ठिणगी कमी पडो, पेट्रोल कमी येवो, हवा चोरून आत शिरो की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेलं असो, क्रँक मंदावतो तो सारखाच, त्यामुळे कोडही तोच येतो. पी०३०२ दिसला म्हणून लगेच दुसऱ्या सिलिंडरचा प्लग विकत आणायला धावू नका.

माझ्या चार सिलिंडरच्या हॅचबॅकने खंबाटकी घाट चढताना झटके दिले आणि चेक इंजिनचा दिवा उघडझाप करू लागला. हा दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश घरी आणता येते. उघडझाप करत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे पेटतं, आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते, आणि तिच्या किमतीपुढे कॉइलची किंमत काहीच नाही.

कोड पी०३०२ निघाला. त्याहून मोलाची ठरली ती फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद: इंजिन पूर्ण गरम, लोड, म्हणजे इंजिनवरचा भार, ८५ टक्क्यांच्या आसपास. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी अगदी शांत. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल नेमकी तिथे हार मानते. इंजिन थंड झाल्यावर प्लगच्या खाचांमधली धूळ आधी हवेने उडवली, नाहीतर खडे थेट सिलिंडरमध्ये पडतात. मग फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलल्या. प्लग जागेवरच ठेवले, कारण एका वेळी दोन वस्तू हलवल्या तर उत्तराचा काही अर्थच उरत नाही. कोड पुसला, पुन्हा घाटात नेली. आता कोड आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली होती.

नवी कॉइल टाकताना प्लगही काढून पाहिले. टोकं फिकट तपकिरी, म्हणजे जळण ठीक. पण फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर फट वाढलेली. फट वाढली की कॉइलवर ताण येतो, त्यामुळे प्लगही बदलून घेतले. एनजीकेच्या नंबराच्या शेवटी ११ असेल तर फट १.१ मिमी, १० असेल तर १ मिमी. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तेव्हा प्लगचे पहिले आटे पाना न लावता हातानेच फिरवा.

चालू इंजिनवर एकेक कॉइल उपटून बघायची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो आणि इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं.

शेजारच्या काकांची गाडी वेगळीच निघाली. आयडलिंगला थरथर, कोड पी०३००, आणि प्लग एका गॅरेजमध्ये नुकतेच बदललेले. “अरे, कॉइल पण टाकून दे आता,” काका म्हणाले. मी म्हटलं, “काका, थोडं थांबा, आधी फ्युएल ट्रिम बघू.” मिश्रण बरोबर राखायला ईसीएम पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी सोडतो, तो हा आकडा. गाडी सीएनजीवरही चालणारी, म्हणून पेट्रोलवर ठेवून पाहिलं: आयडलिंगला लाँग टर्म ट्रिम अधिक १८ टक्के, २५०० आरपीएमला अधिक ४. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे चोरून शिरणाऱ्या हवेचा वाटा मोठा पडतो. थ्रॉटल उघडला की तो नगण्य होतो. आकड्यांचा हा नमुना दिसला की व्हॅक्यूमच्या नळ्या शोधायच्या. इनटेक मॅनिफोल्डला जाणारी एक रबरी नळी कडक होऊन वाकणावर तडकली होती. ती बदलली आणि थरथर थांबली. कॉइलचे पैसे वाचले याचा मला काकांपेक्षा जास्त आनंद झाला.

आता तक्रारी. बाजारातले स्वस्त स्कॅनर बहुतेक ईएलएम३२७ या कॅनडातल्या चिपच्या नकला आहेत, आणि खोक्यावरच्या व्हर्जन नंबरावर विसंबू नये. माझ्या स्कॅनरचा संपर्क कधीकधी मध्येच तुटतो, मग काढून परत लावावा लागतो. एका वेळी चारपेक्षा जास्त आकडे मागितले तर रटाळ चालतो. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये. वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा घ्या. सॉकेटला किल्ली बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू असतो, त्यामुळे गाडी उभी ठेवायची असेल तर स्कॅनर काढून ठेवा.

त्याची हद्दही सांगतो. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट घटते, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. कॉइल आणि प्लग फिरवूनही कोड त्याच सिलिंडरवर राहिला, ट्रिमही सरळ असली आणि इंजेक्टर बदलूनही फरक पडला नाही, तर कॉम्प्रेशन गेज लावावाच लागतो. तो आता घ्यायचा आहे.